घाणेरीचे हत्ती आणि आमच्या मळ्यातला बिबट्या

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोव्हेंबर २०२५ मध्ये एक वाद झाला आणि तो माझ्या डोक्यातून अजून जात नाही. मी एक चित्र टाकलं होतं, बिबट्याचं, खूप सुंदर काढलेलं, खाली ओळ होती की हाही इथलाच रहिवासी आहे. पाच मिनिटांत पुतण्याचा मेसेज आला, "आत्या, चित्रात बिबट्या लई भारी दिसतो. इथं सहा वाजले की पोरं घरात कोंडून ठेवावी लागतात." त्याच्या आधीच्या वीस-बावीस दिवसांत शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात तीन जीव गेले होते, त्यात दोन लहान मुलं, आणि लोकांनी पुणे-नाशिक हायवे अडवला होता. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात चाललेल्या बायांचे फोटो तुम्हीही बातम्यांत पाहिले असतील. आमचं गाव तिथून लांब नाही, घोडनदी ओलांडली की आलंच.

मी ते चित्र डिलीट केलं नाही, पण त्याला उत्तरही देऊ शकले नाही. चौदा वर्षं झाली न्यू जर्सीत राहतेय आणि या काळात प्राणी वाचवा म्हणणारी जेवढी चित्रं, पोस्टर, टी-शर्ट मी पाहिले तेवढे माहेरी असते तर पाहिले नसते, आणि मला ते मनापासून आवडतात हेही खरं आहे. पण पुतण्याचं म्हणणं बरोबरच आहे ना, चित्र बघणारी मी आणि अंधारात उसाला पाणी द्यायला जाणारा तो, मग त्या चित्राने त्याच्यासाठी काय केलं? हा प्रश्न घेऊनच मी हे लिहितेय.

सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मीटपॅकिंग भागात शंभर हत्ती आले होते. खरे नाहीत, पण खऱ्याएवढे उंच, घाणेरीच्या काड्यांचे. आमच्याकडे कुणी टणटणी म्हणतं, कुणी घाणेरी, तीच ती बांधावर माजलेली, रंगीत बारीक फुलांची, पानं चुरगाळली की उग्र वास येणारी झुडपं. लेकीला घेऊन पाथ ट्रेनने गेले, चौदाव्या स्ट्रीटला उतरलो आणि वळसा घालून पुढे आलो तर समोर दगडी रस्त्यावर कळपच उभा, मोठ्या माद्या, मध्ये पिल्लं, एकाची सोंड दुसऱ्याच्या पाठीवर. हात लावायची परवानगी होती. मी एका मादीच्या खांद्यावर तळवा ठेवला, काड्या सोललेल्या, गुळगुळीत, एकीला एक लागून अशा वळवलेल्या की लांबून सुरकुतलेली कातडी वाटावी, आणि जिथे दोन काड्या भेटतात तिथे आत छोटा खिळा. लेकीने कान लावून बघितलं. म्हणाली याच्या पोटात हवा वाजते. मी तिला सांगितलं की ही झुडपं आजोबांच्या बांधावर आहेत आणि आजोबा दर पावसाळ्यानंतर ती कुदळीने काढायचे, तर तिला आधी पटेचना.

हे हत्ती निलगिरीतल्या गुडलूर भागात बनले. बनवणारे बेट्टकुरुंब, पणिया, काट्टुनायकन आणि सोलिगा समाजातले लोक, म्हणजे ज्यांच्या वाडीतून रात्री खरे हत्ती जातात तेच. काड्या उकळायच्या, साल सोलायची, गरम असतानाच लोखंडी सांगाड्यावर वाकवायची. आणि शंभरपैकी प्रत्येक हत्ती तिथल्या एका खऱ्या, ओळखीच्या हत्तीवरून केलेला, कुणाचा दात वाकडा, कुणाचा कान फाटका. २०२१ मध्ये असाच कळप लंडनच्या बागांमध्ये उभा होता. हत्ती विकले जातात, त्यातून कारागिरांना मजुरी मिळते आणि उरलेला पैसा माणूस-प्राणी एकत्र राहतात अशा ठिकाणच्या कामाला जातो.

मला यातली सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे माल. घाणेरी मूळची अमेरिका खंडातली, इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी आपल्याकडे आणली आणि आज भारतातल्या वाघांच्या जंगलात चाळीस टक्क्यांहून जास्त भागात ती पसरलीय असा अभ्यास २०२० मध्ये आला. तिच्याखाली गवत उगवत नाही, गवत नाही म्हणजे हरणं-गव्यांना चारा नाही, मग बाकीचं तुम्हीच जोडा. म्हणजे हत्ती बनवायला जी काडी तोडली तेवढं जंगल थोडं तरी मोकळं झालं. पुतळा बघून लोकांच्या मनात प्रेम जागं होईल ही पुढची गोष्ट, झाली तर उत्तमच, पण पुतळा बनतानाच काम झालेलं होतं.

दुसरं उदाहरण इथलंच आहे आणि ते मला कळायला दहा वर्षं लागली. अटलांटिक सिटीच्या वरच्या बाजूला एडविन फोर्सिथ नावाचं पक्ष्यांचं आश्रयस्थान आहे, खाऱ्या पाणथळीतून आठ मैलांचा कच्चा रस्ता जातो, थंडीत हजारो पांढरे हंस उतरतात आणि त्यांच्या मागे क्षितिजावर कसिनोच्या इमारती दिसतात. गेटवर तिकीट काढताना तिथल्या आजोबांनी विचारलं डक स्टँप आहे का, असेल तर फी नाही. तो काय असतो म्हटल्यावर त्यांनी पाकिटातून स्वतःचा काढून दाखवला, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा, त्यावर बदकांची जोडी, आणि आडवी त्यांची सही.

ही योजना १९३४ची. बदकांची शिकार करायची तर दरवर्षी हे तिकीट घ्यायचंच. पहिलं चित्र डिंग डार्लिंग नावाच्या वर्तमानपत्री व्यंगचित्रकाराने काढलं, पाण्यावर उतरणारी दोन बदकं, तेव्हा किंमत एक डॉलर होती, आता २५ आहे. त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जमीन विकत घेण्यात किंवा भाड्याने राखण्यात जातात आणि आतापर्यंत ६० लाख एकरांहून जास्त जमीन अशी वाचली. १९४९पासून चित्रासाठी खुली स्पर्धा असते, जिंकणाऱ्याला सरकार पैसे देत नाही, तिकिटांचा एक ताव देतं, तरी देशभरातले चित्रकार वर्ष-वर्ष खपतात त्यासाठी. मी शिकार करत नाही आणि करणारही नाही, पण दरवर्षी तो स्टँप घेते, कारण मला माहितेय की माझे २५ डॉलर चिखलात, गवतात आणि पाण्यात जातात, दुसरीकडे कुठे नाही.

आता कुणी म्हणेल अमेरिकेत सगळं छानच असतं. नसतं. आमच्या राज्यात काळी अस्वलं आहेत, सगळ्या २१ काउंट्यांमध्ये दिसलीत, कचऱ्याचे डबे उलटे करतात, आणि २०१४ मध्ये एका विद्यार्थ्याचा जंगलात अस्वलाच्या हल्ल्यात मृत्यू झाला, राज्याच्या नोंदीतला पहिलाच. मग शिकार हवी की नको यावर दरवर्षी भांडण. तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांनी २०१८ मध्ये सरकारी जमिनीवरची शिकार बंद केली, २०२१ मध्ये ती झालीच नाही आणि २०२२च्या डिसेंबरमध्ये पुन्हा सुरू. इथेही एका बाजूला शहरातले, अस्वलाच्या पिल्लाचे फोटो घेऊन, दुसऱ्या बाजूला उत्तरेकडच्या काउंट्यांमधले, ज्यांच्या परसात ते येतं. बोलायची पद्धत अगदी आपल्या ग्रुपसारखी. एक फरक मात्र मी रोज बघते, कचऱ्याचा डबा अस्वलाला उघडता येणार नाही असा हवा हे इथे साधं घरकाम समजलं जातं, त्यावर कुणी भाषण देत नाही.

आपल्याकडे प्राण्याशेजारी राहायची कला कमी होती का? माझं मत उलट आहे. ठाणे, पालघर, मुंबई उपनगर मिळून वाघोबाची सुमारे दीडशे ठाणी अभ्यासकांनी २०२१ मध्ये नोंदवली. लाकडी फळीवर किंवा दगडावर वाघ, वर सूर्य-चंद्र, शेंदूर. वारली लोक वाघबारशीला त्याला नैवेद्य देतात, कोंबडं देतात, आणि मागणं एवढंच की आमची गुरं-पोरं सांभाळ. बिबट्याही त्यांच्यासाठी वाघोबाच. त्या फळीत तो गोंडस नाही. दात आहेत, भीती आहे, आणि तरी त्याचा वाटा काढून ठेवलेला आहे. जिव्या सोमा मशेंनी जी चित्रकला जगभर नेली तीही याच मातीतली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आज वारली वाघ उशीच्या अभ्र्यावर, हॉटेलच्या भिंतीवर, माझ्या स्वयंपाकघरातल्या ट्रेवरसुद्धा आहे. पण ट्रेवरच्या वाघाचा कुठल्याही पाड्याशी संबंध उरलेला नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

२०२५च्या जुलैमध्ये नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण कोर्टाच्या आदेशाने जामनगरला, अंबानींच्या वनतारा या प्राणी केंद्रात गेली तेव्हा अख्खं कोल्हापूर रडलं, लोकांनी जिओची सिमं सोडली, नांदणीपासून कलेक्टर ऑफिसपर्यंत पायी मोर्चा निघाला. त्या रडण्यात खोटं काही नव्हतं, तीस-बत्तीस वर्षं समोर असलेला जीव गेला. पण मला हेही म्हणायचंय की हत्ती कळपाने जगणारा प्राणी आहे, एकट्या हत्तिणीने साखळीला एवढी वर्षं काढणं चांगलं नव्हतं आणि तिच्या पायांवर उपचार हवेच होते. आणि दुसरीकडे सिंधुदुर्गात, दोडामार्गात, २००२च्या सुमारापासून कर्नाटकातून रानटी हत्ती येतात, माड-केळी-भात तुडवतात, त्यांच्यासाठी एवढा मोर्चा नाही आणि ज्याची बाग गेली त्याच्यासाठीही एवढा नाही. नाव असलेल्या एका हत्तीवर आपण जीव टाकतो, बिननावाच्या कळपाचं काय करायचं ते ठरवत नाही. गुडलूरच्या कारागिरांनी रानातल्या शंभर हत्तींना चेहरे दिले ना, तसं इथे कुणी करावं असं मला फार वाटतं.

जुन्नरचा एक धडा तर आपण घेतलेलाच नाही. २००१पासून आमच्याकडे बिबटे पिंजऱ्यात धरून लांबच्या जंगलात सोडायला लागले, आणि वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की सोडल्यावर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. तरी आज प्रत्येक हल्ल्यानंतर पहिली मागणी तीच, धरा आणि लांब सोडा. नाहीतर गोळी घाला. आणि शहरातून उत्तर येतं की तुम्हीच त्याच्या जंगलात घुसलात. आमच्या मळ्यात जंगल कधी होतं? ऊस आहे, बारा-बारा महिने उभा, आत गारवा, डुकरं, कुत्री, मादी तिथेच वितेय आणि तिची पिल्लं उसालाच घर समजतात. ऊसतोड सुरू झाली की बछडे सापडतात, मग वनखात्याची माणसं संध्याकाळी ते क्रेटमध्ये घालून त्याच सरीत ठेवतात, लांबून कॅमेरा लावतात, आणि रात्री आई येऊन एकेकाला तोंडात धरून नेते. हे काम बघून, त्यासाठी फड दोन दिवस थांबवणारे शेतकरीही आमच्याच भागात आहेत, त्यांचं चित्र कुणी काढत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. महाराष्ट्रात २०२२च्या मोजणीत १,९८५ बिबटे निघाले, शिकार १९७२च्या कायद्याने बंद आहे ती बंदच राहावी, त्यामुळे अमेरिकेची योजना जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण दरवर्षी एक बिबट्याचं तिकीट निघू शकतं. ताडोब्याला सफारीला जाणाऱ्याने घ्यावं, भीमाशंकरला शेकरू बघायला जाणाऱ्याने घ्यावं, आम्ही परदेशातले लोक तर नक्कीच घेऊ, आमच्या मंडळात गणपतीत एका संध्याकाळी पाचशे खपतील. चित्राची स्पर्धा जुन्नर, शिरूर, आंबेगाव, अकोले, दोडामार्ग इथल्या शाळांमध्ये घ्यायची, पुण्या-मुंबईच्या आर्ट स्कूलमध्ये नको. आणि पैसा कशात गेला ते तिकिटाच्या मागे छापायचं, इतके गोठे जाळीने बंद केले, इतक्या वस्त्यांवर दिवे लागले, इतकी शौचालयं घराला जोडून बांधली. माणूस गेल्यावर सरकार २५ लाख देतं, ते द्यायलाच हवेत, पण जाळी त्याच्या कितीतरी आधी लागते.

हे सगळं मी शेवटी ग्रुपवर न टाकता दादाला फोन करून सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिकीट कितीचं ठेवायचं म्हणतीस?" मी म्हटलं शंभर रुपये. "आन चित्र पोरांनी काढायचं?" हो म्हटलं. थोडा वेळ गप्प होता. म्हणाला, "आपल्या धाकटीला काढायला लावतो, तिनं बघितलाय बांधावर बसलेला, मोटारीच्या खोलीपाशी. पर आधी गोठ्याच्या जाळीचं बघा, आन दिवसाची लाईट मिळती का बघा, मंग तिकीट काढा." मागून वहिनीचा आवाज आला, बॅटरी चार्ज झालीय घेऊन जा. या आठवड्यात त्यांची लाईट रात्री दहा ते सकाळी सहा आहे.