गाडी द्या, पण लायसन्स विचारू नका

गाडी घेतली त्याच दिवशी तुम्हाला कळायला हवं होतं की ती तुमची नाहीये. हप्ते तुमचे, पार्किंगवरून सोसायटीत भांडण तुमचं, पण गाडी आतेभावाची, मेव्हण्याची, ऑफिसातल्या त्या एका मित्राची आणि ज्यांच्याकडे लग्न निघालंय अशा सगळ्यांची. फोन येतो, "अरे रविवारी उभीच असते ना रे तुझी गाडी?" संपला विषय. हो, उभीच असते. चावी द्या.

चावी देताना एक पथ्य मात्र पाळा, लायसन्स विचारू नका. माणसाला पगार विचारावा, मूल कधी होणार विचारावं, गुडघ्याचं ऑपरेशन कितीला पडलं विचारावं, पण लायसन्स? छे, काय वाटेल त्याला! आता पॉलिसीत ड्रायव्हरबद्दल एक कलम असतं, ते म्हणतं की मालकाच्या परवानगीने दुसऱ्या कुणीही चालवली तरी विमा लागू आहे. म्हणजे विमा गाडीच्या मागे जातो, मित्राने ठोकली तरी क्लेम मिळतो. बरेच जण उगाच समजतात की नाही मिळत. तुम्ही एवढंच वाचा आणि कागद मिटवा. पुढे लिहिलेलं असतं की चालवणाऱ्याकडे त्या वेळी त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स पाहिजे, ते वाचलंत तर विचारावं लागेल, आणि विचारायचं तर आपलं ठरलंय की नाही.

न विचारण्याचे फायदे बघा. लायसन्स नसलेल्याने गाडी ठोकली तर तुमच्या गाडीचा खर्च कंपनी देणार नाही. समोरच्याला लागलं असेल तर कोर्ट बहुतेक वेळा कंपनीला सांगतं की आधी त्याला भरपाई दे आणि मग मालकाकडून वसूल कर. मालक म्हणजे तुम्ही, तोपर्यंत आतेभाऊ गावी पोचलेला असतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 180 खास तुमच्यासाठी आहे, बिनलायसन्सवाल्याला गाडी दिली म्हणून 5000 रुपये दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. भाच्याला अठरा पूर्ण नसतील आणि "सोसायटीतच एक राउंड" मारायचा असेल तर आणखी मजा, 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला किंवा पालकाला 25,000 दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन पोराच्या गाडीने दोन जीव गेले तेव्हा त्याला जामिनासाठी सांगितलेला 300 शब्दांचा निबंध सगळ्यांच्या तोंडी होता, हे आकडे कुणाच्याच लक्षात राहिले नाहीत. बरंच झालं, नाहीतर भाचा रुसला असता.

दुसरं म्हणजे गाडी कशाला पाहिजे तेही विचारू नका. कुणी म्हणालं तीन दिवस दे, दिवसाला दोन हजार देतो, तर लगेच हो म्हणा. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने दिली की खाजगी गाडीचा विमा हात वर करतो हे खरं, पण सहा हजार म्हणजे सहा हजार. मेव्हणा कोकणातून विकायला म्हणून हापूसच्या वीस पेट्या भरून आणत असेल तरी चालेल, कोणी विचारलं तर सांगायचं घरी आंबा फार खातात.

गाडी गेली की निवांत बसा, फास्टॅग आपल्याशी बोलत राहतो. आतेभाऊ म्हणाला होता "साताऱ्यापर्यंत जाऊन येतो", खेड शिवापूरचा मेसेज आला, आनेवाडीचा आला, ठीक आहे. मग तासवडेचा आला, मग किणीचा. म्हणजे सातारा हल्ली कोल्हापूरला हलवलाय एवढंच, पैसे आपल्याच खात्यातून जातायत म्हणून काही रागवायचं नाही. ई-चलानही आपल्याच मोबाईलवर येतं, फोटोसकट.

आणि ठोकलीच तर? आमच्याकडे ठोकली ना. बंपर गेला आणि चालवणाऱ्याने सांगितलं "इन्शुरन्स आहे ना, मग काय टेन्शन!" तर हिशोब असा. बिल 9000. बंपर प्लास्टिकचा, झीरो डेप (म्हणजे झीज न कापता भरपाई देणारं जादा कवच) घेतलेलं नव्हतं, म्हणून झिजेपोटी निम्मे गेले, वर दर क्लेमला मालकाच्या वाट्याचे म्हणून हजार रुपये कंपल्सरी कापले, हातात आले साडेतीन हजार. त्या बदल्यात पाच वर्षं क्लेम न करता जपलेला 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियममधली सूट, शून्यावर आला आणि पुढच्या वर्षी ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम 6000 चा 12,000 झाला. साडेतीन मिळवायला सहा घालवले, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही 20 टक्क्यांपासूनच सुरुवात. बोनस गेला माझा, त्याचं लायसन्स तसंच कोरं करकरीत.

क्लेम फॉर्मवर "कोण चालवत होतं" असा एक खवचट प्रश्न असतो, तिथे शेजारपाजारचे सल्लागार सांगतात की बिनधास्त स्वतःचं नाव टाक. जरूर टाका. नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला सीसीटीव्ही दिसत नाही, पंचनामा वाचता येत नाही, आणि त्या वेळी तुम्ही ऑफिसात अंगठा लावून बसला होता हे तर त्याला कळणारच नाही. मग खोटी माहिती दिली म्हणून चांगला क्लेमही बुडतो. आणि हो, तो 15 लाखांचा ओनर-ड्रायव्हर अपघात विमा असतो ना, तो तुमचा असतो, तुमची गाडी घेऊन एकट्या गेलेल्या आतेभावाचा नसतो. हे त्याला सांगू नका, अपशकुनी बोलला म्हणेल.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात, आमच्या घरी ती कायमची राहायलाच आहे. फक्त आमच्या हिला ते मान्य नाही. परवा आतेभावाचा पुन्हा फोन आला, या वेळी साखरपुडा, आणि मी चावी शोधत असतानाच हिने फोन घेऊन सरळ सांगितलं, "भाऊजी, आधी लायसन्सचा फोटो टाका." मी मान खाली घालून बसलो. दहा मिनिटांनी फोटो आला. नाव बरोबर, पत्ता बरोबर, मुदत अजून बरीच वर्षं. वाहनाचा प्रकार, मोटारसायकल विथ गिअर.

खाली मेसेज होता, "वहिनी, गिअर तर आहेत ना तुमच्या गाडीला?"