‘तोच पासवर्ड टाका, रूल आपोआप येतात’ म्हणे!

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तेव्हापासून ज्याला त्याला नवा कंप्युटर घ्यायची घाई. त्यातच ‘नवीन पीसी घेतला? ईमेलचे रूल 2 मिनिटांत न्या’ असा पाच कलमांचा मेसेज आमच्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. रूल म्हणजे कुठला मेल कुठल्या फोल्डरात आपोआप जावा, हे आपण ठरवून दिलेला नियम. मी तीनदा वाचून सोडून दिला होता. परवा तो नंदुरबारला दाजींपर्यंत पोहोचला, म्हणून लिहायला बसलो.

दाजींचा मिरचीचा धंदा. पथारीवर लाल मिरची वाळतेय, शेजारी पत्र्याच्या ऑफिसात कंप्युटर. मसालेवाल्यांच्या ऑर्डरी एका फोल्डरात, बँकेचे मेल दुसऱ्यात, जीएसटीचे तिसऱ्यात, अशी घडी त्यांनी आउटलुकमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेलच्या प्रोग्रामात, सहा वर्षांत बसवली होती. नव्या कंप्युटरवर पासवर्ड टाकला, मेल आले, घडी आली नाही. ऑर्डरी, जाहिराती, नोटिसा, सगळा एकच ढीग. फोनवर पहिलंच वाक्य, “मना मेल कथा गयात रे भो?” (माझे मेल कुठे गेले रे भाऊ?)

मेसेजचं पहिलं कलम: ‘खातं तेच असेल तर रूल आपोआप येतात.’ हे अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतं. जीमेल ब्राउझरमध्ये उघडून तिथे फिल्टर (जीमेलमध्ये रूलला हेच नाव) बनवला असेल तर तो गूगलकडे राहतो, कंप्युटर दहा बदला. एक्स्चेंजवरचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस-मेलच्या सर्व्हरवरचं, कंपनीचं खातं असेल तर तिथलेही बरेचसे रूल सर्व्हरवर असतात. पण दाजींचं खातं जीमेलचं असलं तरी रूल बनवले आउटलुकमध्ये, आणि ते त्या जुन्या डब्यातच राहिले. एक्स्चेंज सोडलं तर रूल जिथे बनवला तिथे तो राहतो. नुसतं खातं तेच असून भागत नाही. एवढी एक ओळ त्या मेसेजात असती तर माझे दोन तास वाचले असते.

दुसरं कलम: ‘आउटलुकमधून पीएसटी फाइल एक्सपोर्ट करा, तिच्यासोबत रूलही जातात.’ नाही जात. पीएसटी ही आउटलुकमधले मेल साठवायची फाइल. मायक्रोसॉफ्टच्याच मदतपानावर स्पष्ट लिहिलंय की पीएसटीत एक्सपोर्ट करताना मेसेजचे रूल आणि ब्लॉक केलेल्या पत्त्यांची यादी येत नाही. बनवणाराच नाही म्हणतोय, तिथे फॉरवर्ड करणाऱ्याचं काय ऐकायचं? क्लासिक, म्हणजे जुन्या आउटलुकमध्ये रूलची वाट वेगळी आहे. फाइलमधून ‘मॅनेज रूल्स अँड अलर्ट्स’, तिथे ‘ऑप्शन्स’, मग ‘एक्सपोर्ट रूल्स’. आरडब्ल्यूझेड नावाची छोटी फाइल मिळते, ती नव्या मशीनवर त्याच जागी इम्पोर्ट करायची. पण त्याआधी फोल्डर तयार हवेत. ‘ऑर्डर’ फोल्डरच नसेल तर रूल बिचारा मेल टाकणार कुठे? इम्पोर्टनंतर एकेक रूल उघडून फोल्डर पुन्हा दाखवावा लागू शकतो. कंटाळवाणं काम आहे, 2 मिनिटांत होत नाही.

तिसरं, ‘जुने रूल नव्यात टाकले की व्हायरस येतो.’ थंडरबर्ड या दुसऱ्या मेल प्रोग्रामची रूलची फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, साध्या ओळी दिसतील. पुढे.

चौथं, ‘जुना पीसी लगेच फॉरमॅट करून विका.’ हे लिहिणाऱ्याला भंगारवाल्याने कमिशन दिलं असावं.

आता पाचवं. याच्यासाठीच बाकीची चार रचली असावीत, अशी मला दाट शंका आहे. ‘जमत नसेल तर खालील नंबरवर ईमेल आयडी, पासवर्ड आणि ओटीपी पाठवा, आमची टीम मोफत करून देईल.’ आणि दाजींनी पासवर्ड पाठवला! ओटीपी भाचीच्या मोबाइलवर येतो आणि ती धुळ्याला कॉलेजात, म्हणून वाचलो. तिने कोड द्यायच्या आधी मला फोन केला.

अहो, रूल हेच तर चोराचं हत्यार आहे. मेलबॉक्स हातात आला की तो एक रूल बनवतो: बँकेचा किंवा पैशाचा विषय असलेला प्रत्येक मेल मला पाठव आणि मालकाच्या इनबॉक्समधून बाजूला कर. नंतर व्यापाऱ्याला तुमच्याच नावाने मेल जातो, ‘आमचं खातं बदललंय, पैसे इथे टाका.’ त्याचं उत्तर आलं तरी तुम्हाला दिसत नाही. अमेरिकेच्या एफबीआयने नोव्हेंबर 2020 मध्ये नेमक्या या फॉरवर्डिंग रूलच्या फसवणुकीबद्दल कंपन्यांना सावध केलं होतं. मिरचीच्या हंगामात दाजींचं एखादं बिल असं भलत्याच खात्यात गेलं असतं तर?

मी काय करायला लावलं ते सांगतो. आधी पासवर्ड बदलला. मग जीमेलमधून सगळी डिव्हाइस लॉगआउट केली. मग सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर्स’ आणि ‘फॉरवर्डिंग’ दोन्ही उघडून अनोळखी पत्ता आहे का पाहिलं. नव्हता. पैसे गेलेच असते तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, हेही त्यांना लिहून घ्यायला लावलं.

जुना कंप्युटर अजून ऑफिसातच आहे, पोत्याखाली झाकलेला. रविवारी पेनड्राइव्ह घेऊन येतो दाजी, तोवर त्याला कोणी हात लावू नका.