प्रतिमांवरचे गद्य आणि ‘साध्या मराठी’चा आग्रह

फोंड्याच्या एका मित्राने धाडलेल्या लेखातील मागणी अशी : कवितेतील प्रतिमांवर लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी जड परिभाषा टाकून द्यावी आणि आपण बोलतो तशी साधी मराठी लिहावी, इंग्लंड-अमेरिकेतील समीक्षक म्हणे तसेच लिहितात. बर्मिंगहॅममधील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात साहित्यावरचे प्रबंध रोज माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे हे ‘म्हणे’ वाचून मला चीड आली. ‘असे सुचवता येईल’, ‘बहुधा’, ‘एका अर्थाने’ अशा सावध शब्दांची इथल्या प्रबंधांत एवढी दाटी असते, की गाडीत वाचताना लेखकाचा निष्कर्ष सापडेपर्यंत शहरातले न्यू स्ट्रीट स्टेशन येते.

तरीही तुलना करायचीच, तर मी इंग्रजी समीक्षक कॅरोलाइन स्पर्जन यांच्याशी करीन. उदाहरण माझ्या सोयीचे आहे, हे उघडच आहे. शेक्सपिअरच्या प्रतिमा मोजून, निसर्ग, प्राणी, घर, शरीर अशा उगमांनुसार लावून, तक्त्यांसह त्यांनी १९३५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. राजाचा खून करून गादी बळकावणाऱ्या मॅकबेथच्या अंगावर मापात न बसणारे कपडे पुनःपुन्हा चढतात, हे त्यांनी ओळींवर बोट ठेवून दाखवले. प्रतिमांच्या संख्येवरून कवीचा स्वभाव ठरवण्याचा त्यांचा हव्यास मला पटत नाही. पण १९४७ मध्ये अमेरिकी समीक्षक क्लीन्थ ब्रुक्स स्पर्जन यांना उत्तर देऊ शकले, ते समोर ठाम विधान होते म्हणूनच. माणूस लहान आणि कपडे मोठे, हा मुद्दा नव्हे. कपडे त्याचे नाहीत, ते चोरलेले आहेत, असे ब्रुक्स म्हणाले.

आता आपल्याकडच्या प्रबंधांत ज्या घडणीचे वाक्य हमखास भेटते, ते पाहावे : ‘निसर्गप्रतिमांच्या माध्यमातून कवीच्या तरल भावविश्वाचा प्रत्यय येतो.’ प्रत्यय कोणाला येतो, कोणत्या ओळीत, कोणत्या इंद्रियाला? बोरकरांवरच्या लेखातून हे वाक्य उचलून बालकवींवरच्या लेखात ठेवले, तर वाक्याला काही होत नाही आणि दोन्ही कवींनाही काही होत नाही. त्याच्याशी वाद घालता येत नाही, हीच त्याची सोय आहे. कर्ता नाहीसा झालेला, क्रियापद ‘जाणवते’ किंवा ‘दिसून येते’, आणि मोकळ्या जागेत विशेषणे. कवितेतील पाणी डोळ्यांना दिसते आहे, कानांवर येते आहे की अंगाला लागते आहे, एवढे तरी अभ्यासकाने सांगायला हवे. परीक्षेत ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नाला नाव लिहिले की गुण मिळत. ती सवय पीएच.डी.पर्यंत सोबत येते, आणि नाव सांगितले की काम संपले, असे वाटू लागते.

यात परिभाषेचा दोष नाही. रूपक, प्रतीक आणि प्रतिमा यांतील भेद ठेवायचा नसेल, तर समीक्षक सुधीर रसाळांना ‘कविता आणि प्रतिमा’ या विषयावर अख्खा ग्रंथ लिहायचे कारण काय होते?

‘आपण बोलतो तशी मराठी’ हे शब्द मात्र मला अधिक लागले. गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरी बोलणे कोंकणीत होते. मराठी आली ती श्रावणातल्या पोथीतून, देवळातल्या कीर्तनातून, शाळेतून आणि वर्तमानपत्रातून. मग मी बोलतो ती मराठी कोणती? ती पुण्याच्या कोणाची तरी असेल. माझी मराठी पहिल्यापासून लिहिलेली, नीटनेटकी आणि थोडी अवघडलेलीच आहे, आणि गोव्यातल्या पुष्कळांची तशीच आहे. इथे बर्मिंगहॅममध्ये तर घरी कोंकणी, कामावर इंग्रजी, आणि मराठी केवळ डोळ्यांपुरती उरली आहे. त्या भाषेला कोणी कृत्रिम म्हटले, की परिभाषेचा कैवार घेताना मी स्वतःचाच कैवार घेत असतो, हे मला कळते. दूर राहून उपदेश करू नये, असे मित्र म्हणेल. पण दूर राहणाऱ्याकडे या भाषेचे दुसरे काही नाही, हेही त्याने लक्षात घ्यावे.

आणि त्याची मागणी मान्य झाली, तर परिभाषा जाईल आणि ‘प्रत्यय येतो’ मात्र राहील, अशी मला भीती आहे. साध्या मराठीत ते वाक्य आणखी सहज लिहिता येते : ‘ही कविता वाचताना खूप छान वाटते.’