धान्यचोरीवर पीएचडी कशी करावी

रेशनच्या धान्याला पाय कसे फुटतात, यावर पीएचडी करायची म्हणताय? झकास. चोर सापडला तरच हा विषय संपेल, तेव्हा निवृत्तीपर्यंत काळजी नाही.

पहिलं पथ्य, रेशन दुकानाची पायरी चढायची नाही. तिथे भांगलणीने रेषा झिजलेला अंगठा पदराला पुसून एखादी आजी पॉस मशीनवर चौथ्यांदा दाबत असते आणि दुकानदार ‘उद्या या’ म्हणत असतो. हे कोणत्या कोष्टकात बसवणार? झारखंडात काही अर्थतज्ज्ञांनी आधार-पडताळणी तपासली तेव्हा गळती थांबली नव्हतीच, उलट काही खरी माणसं गळाली होती. हे तळटीपेत टाका, बारीक टायपात.

तुम्हाला फक्त वजाबाकी यायला हवी. गोदामातून उचल किती झाली आणि नमुना पाहणीत घरी किती पोचलं, यातला फरक म्हणजे गळती. 2011-12 साठी अन्न महामंडळाच्या फेररचनेसाठी सरकारने नेमलेल्या शांता कुमार समितीने ती 46.7 टक्के धरली, अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी 41.7. या पाच टक्क्यांवर किती जणांच्या बढत्या झाल्या असतील! घरखर्चाची पुढची 2017-18 ची पाहणी सरकारने प्रसिद्धच केली नाही, त्यामुळे जुनेच आकडे कित्येक वर्षं पुरवून पुरवून वापरता आले. समितीने इलाजही सांगितला होता: देशातल्या 67 टक्क्यांऐवजी 40 टक्के लोकांनाच स्वस्त धान्य द्या. बादली गळतेय ना, मग पाणीच कमी भरा.

गुन्हेगारीचं प्रकरण आटोपशीर ठेवा. सरकारी शिक्क्याचं पोतं उसवायचं, माल साध्या गोणीत ओतायचा, सुतळीचे टाके घालायचे. तांदूळ असेल तर मिलमध्ये पॉलिश मारून आणायचा. पकडला गेलाच, तर 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा कोणावर? ट्रकचालकावर. (गोदामाची चावी, गेटपास, वजनकाटा सगळं त्याच्याच खिशात असतं बहुधा.) माल कोणाचा, हे विचारू नका. त्याला ‘स्थानिक राजकीय अर्थव्यवस्था’ म्हणा आणि पुढे सरका.

शिफारशींत महाराष्ट्राच्या कोट्याचा विषय काढू नका. 2011 च्या जनगणनेवरून ठरलेले 7 कोटी 17 हजार लाभार्थी, तो आकडा तिथेच खिळलाय. तेव्हा पाळण्यात असलेली पोरं आता मिसरूड फुटायच्या वयाला आली. घरात नवीन नाव घालायला गेलं की तहसीलच्या पुरवठा शाखेत ‘इष्टांक संपला’, म्हणजे ठरलेल्या लाभार्थ्यांची संख्या भरली, असं ऐकायला मिळतं. तुम्ही आपलं ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ एवढं लिहा, म्हणजे पुढचा निधीही त्याच वाक्यावर मागता येईल.

तोंडी परीक्षेत एखादा खवट परीक्षक विचारेल, ‘तुमच्याकडे रेशन कार्ड आहे का हो?’ बिचकू नका. ठासून सांगा, ‘आहे सर, केशरी. पत्त्याच्या पुराव्याला लागतं.’