अडीचशे कोटी आले, मग पाणी घरात कसं?

पावसाळा तोंडावर आला की सिंहगड रस्त्यापासून येरवड्यापर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. दरवर्षी दोन-चार शब्द इकडेतिकडे होतात, गाभा तोच राहतो: "पुण्याच्या पुरासाठी केंद्राने २५० कोटी दिले, महापालिकेने खाल्ले. आपत्ती निधी नुसता पडून आहे, त्यातून भरपाई द्या आणि नदीकाठी भिंत बांधा. धरण आधी रिकामं करा, नदीतला गाळ काढा, नालेसफाई नीट करा. एवढं केलं तर पुण्यात पूर येणारच नाही. नाहीतर जायकाचे (जपानी कर्जातल्या नदीशुद्धी प्रकल्पाचे) पैसे तरी इकडे वळवा."

यातला राग खोटा नाही. अडचण अशी की या मजकुरावरून लिहिलेला अर्ज हमखास चुकीच्या टेबलावर जातो आणि "आमच्या अखत्यारीत नाही" एवढं उत्तर घेऊन परत येतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"केंद्राने २५० कोटी दिले."

आकडा हवेतला नाही. पंधराव्या वित्त आयोगाने देशातल्या सात महानगरांत पुराचा धोका कमी करण्यासाठी २,५०० कोटी राखून ठेवण्याची शिफारस केली. मुंबई, चेन्नई आणि कोलकात्याला प्रत्येकी ५०० कोटी. पुणे, बेंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबादला प्रत्येकी २५० कोटी. मात्र हा २०२१ ते २०२६ या पाच वर्षांचा मिळून आकडा आहे, आणि राखून ठेवणं म्हणजे खात्यात जमा करणं नव्हे. शहराने प्रस्ताव करायचा, तो राज्यामार्फत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जायचा, तिथे तपासून केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय समितीपुढे यायचा. चेन्नईचा ५६१.२९ कोटींचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाला. त्यात केंद्राचा वाटा ५०० कोटी, वरची रक्कम राज्याची. पुण्यासह उरलेल्या सहा शहरांच्या एकूण २,५१४.३६ कोटींच्या प्रस्तावांना मंजुरी मिळाली जुलै २०२४ मध्ये. त्याच महिन्यात सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्याखाली गेली होती.

म्हणजे पाच वर्षांतली तीन वर्षं मंजुरीच्या दारापर्यंत पोचण्यातच गेली. पुढचे पैसे हप्त्याने मिळतात, आणि आधीच्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही. "पैसे कुठे गेले" हा प्रश्न विचारला की उत्तर येतं "अजून आलेच नाहीत", आणि विचारणारा तोंडघशी पडतो. विचारायचं असेल तर असं विचारा: मंजूर यादीत कोणकोणती कामं आहेत, प्रत्येकाची निविदा कधी निघाली, उपयोगिता प्रमाणपत्र कोणत्या तारखेला गेलं?

"आपत्ती निधी पडून आहे, महापालिकेने भरपाई द्यावी."

हा निधी महापालिकेकडे नसतोच. राज्य आपत्ती निधीचे दोन कप्पे आहेत: ८० टक्के प्रतिसाद निधी आणि २० टक्के सौम्यीकरण निधी, म्हणजे धोका आधीच कमी करण्यासाठीचा. महाराष्ट्रासारख्या राज्यात दोन्हींत केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. आपत्ती आल्यावरची मदत पहिल्या कप्प्यातून मिळते, ती जिल्हाधिकाऱ्यांकडून तहसीलदारांमार्फत थेट बँक खात्यात. पंचनामा करतो महसुलाचा माणूस, महापालिकेचा नव्हे. क्षेत्रीय कार्यालयावर मोर्चा नेऊन भरपाईची फाइल हलत नाही ती यामुळे.

दुसरं म्हणजे ही नुकसानभरपाई नाही, ठरावीक दराचं सहाय्य आहे. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत मृताच्या वारसांना ४ लाख, सपाट भागातलं पूर्ण पडलेलं घर १ लाख २० हजार, अंशतः पडझड झालेलं पक्कं घर ६,५००, कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी-घरसामानासाठी २,५०० असे दर होते. राज्य सरकार वेळोवेळी स्वतःच्या तिजोरीतून यात भर घालतं. फ्रिज, सोफा, बेसमेंटमधली गाडी या हिशेबात कुठेच बसत नाही, त्यासाठी विमा. गाडीच्या विम्यातही एक गोम आहे. पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून पाहिली आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर साध्या पॉलिसीत दावा अडतो. गाडी टो करूनच बाहेर काढावी.

पंचनामा का अडतो? बहुतेक वेळा घर धुऊन झाल्यावर तो होतो म्हणून. भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असा फोटो, त्याच चौकटीत दार किंवा मीटर बॉक्स, सोबत वीजबिल, आधार, पासबुक आणि भाडेकरू असाल तर भाडेकरार एवढं गाळ उपसायच्या आधी जमवावं. भाडेकरार नसेल तर मदत घरमालकाच्या नावावर जाते आणि मग जिन्यात भांडणं.

"त्याच निधीतून नदीकाठी भिंत बांधा."

इथे थोडं थांबावं लागेल, कारण हा मुद्दा दोन ठिकाणी चुकतो.

आधी पैशाचं. प्रतिसाद निधीतून फुटलेल्या वाहिनीची, खचलेल्या रस्त्याची तातडीची दुरुस्ती होते; नवं बांधकाम होत नाही. मग सौम्यीकरण निधी? तो स्थानिक पातळीवरच्या, लोकसहभागाच्या लहान उपायांसाठी आहे. किनारी भिंती, पूरबंधारे अशी मोठी कामं नेहमीच्या विकास योजनांतून करावीत, या निधीतून नव्हे, असं वित्त आयोगाने स्पष्ट म्हटलं आहे. शिवाय ज्या जागेवर भिंत हवी ती बहुतेकदा सोसायटीच्या मालकीची असते, आणि खासगी जागेवर सार्वजनिक पैसा खर्च करायला लेखापरीक्षक हरकत घेतो. आंबिल ओढ्याकाठच्या सोसायट्यांच्या सीमाभिंती २०१९ मध्ये कोसळल्या, तेव्हा दुरुस्तीची गाडी याच गाळात रुतली. वाट दोनच: भिंतीखालची पट्टी रीतसर महापालिकेच्या नावे करून द्यायची, नाहीतर राज्याकडून खास बाब म्हणून मंजुरी आणायची. पट्टी द्यायची म्हटल्यावर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय निघतो, आणि तिथे सगळं थांबतं. पैसा नंतर अडतो, जागा आधी.

आता पाण्याचं. नदी चढली की आधी तिला मिळणाऱ्या पावसाळी वाहिन्यांची तोंडं बुडतात. मग पाणी भिंतीवरून येत नाही, सोसायटीतल्या चेंबरमधून वर येतं. नुसती भिंत बांधली तर हे पाणी आत अडकतं आणि नदी उतरली तरी बाहेर पडत नाही. म्हणून वाहिनीच्या तोंडाशी झडपेचं दार लागतं, जे नदीचा दाब आला की आपोआप मिटतं. पण दार मिटलं की आत पडणारा पाऊसही आतच. चार हेक्टरचा, बहुतेक सिमेंट-डांबराने झाकलेला परिसर आणि तासाला ६० मिलिमीटर पाऊस धरला, तर सेकंदाला सुमारे ५३० लिटर पाणी जमतं. पाच मीटर उंचीवर फेकायचं तर १० अश्वशक्तीचा पंप सेकंदाला फार तर ९० लिटर उचलतो. म्हणजे असे सहा पंप, वर एखादा राखीव. पुरात वीज तोडली जाते, आणि ती तोडायलाच हवी. २५ जुलै २०२४ ला डेक्कनजवळच्या पुलाची वाडीत विजेच्या धक्क्याने तिघांचा जीव गेला. म्हणून जनरेटर डिझेलचा, आणि तो पूरपातळीच्या वरच्या ओट्यावर. झडपेत प्लॅस्टिकची पिशवी किंवा फांदी अडकली तरी दार उघडं राहतं, तेव्हा पावसाळ्यात दर आठवड्याला ती पाहणारा माणूस हवा. भिंत, झडप, संप (पाणी गोळा करायचा हौद), पंप, जनरेटर आणि माणूस मिळून एक योजना होते. मागणीपत्रात आणि उद्घाटनाच्या पाटीवर मात्र एकटी भिंत असते.

"धरण आधी रिकामं ठेवा."

पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून साठा २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट), पैकी खडकवासल्याचा फक्त १.९७. शहरात पाणी येतं ते याच शेवटच्या, सगळ्यांत लहान धरणाच्या दारांतून. जुलै २०२४ मध्ये विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला ३५ हजार घनफुटांच्या, आसपास गेला होता. तेवढंच पाणी वरून येत असेल तर पूर्ण कोरडं खडकवासलाही साडेपंधरा तासांत भरतं, अर्धं रिकामं असेल तर आठ तासांच्या आत. हे तास कामाचे आहेत, पण माणसं आणि गाड्या हलवायला. पूर टाळायला नव्हे. वरची तीन धरणं रिकामी ठेवायची म्हटलं तर पाऊस रुसलेल्या वर्षी पुण्याचे नळ आणि दौंड-इंदापूरचे कालवे दोन्ही कोरडे. कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा याची जलाशय परिचलन सूची जलसंपदा विभागाकडे असते, वाद घालायचा तर तिच्यावर घालावा.

मजकुरातला हा मुद्दा निम्मा बरोबर आहे. विसर्ग रात्रीतून वाढला आणि लोकांना पाणी दाराशी आल्यावर कळलं, ही २०२४ ची तक्रार रास्तच होती. पण क्युसेकचा आकडा ग्रुपवर टाकून तरी कोणाला काय कळणार? १५ हजाराला आमच्या गेटपाशी किती, २५ हजाराला किती, ३५ हजाराला किती, असा गल्लीनिहाय तक्ता खांबावर रंगवून हवा. शिवाय धरणाच्या खाली शहरात पडणारा पाऊस आणि मिळणारे ओढे त्या आकड्यात धरलेले नसतात.

आणि २५ सप्टेंबर २०१९? वीसपेक्षा जास्त माणसं गेली त्या रात्रीचं पाणी धरणाचं नव्हतंच. कात्रजच्या डोंगरावर कोसळलेला पाऊस आंबिल ओढ्याने टांगेवाला कॉलनी, अरण्येश्वर, दांडेकर पुलाकडे उतरला. धरण रिकामं असतं तरी ती रात्र तशीच गेली असती.

"नदीतला गाळ काढा."

एक किलोमीटर लांब, ६० मीटर रुंद आणि एक मीटर खोल म्हणजे ६० हजार घनमीटर. दहा घनमीटरच्या डंपरने सहा हजार खेपा. टाकायचा कुठे हे आधी ठरलं नाही तर तोच माल महिन्याभराने पुढच्या वळणावर सापडतो. शहरात मुठेचा तळ बऱ्याच ठिकाणी काळ्या पाषाणाचा आहे, तो पोकलेनने निघत नाही. आणि बंधाऱ्यामागचा खड्डा कितीही खोल केला तरी तो पूर यायच्या आधीच पाण्याने भरलेला असतो. पुराची पातळी ठरते ती पुढच्या अरुंद जागेवर, पुलाच्या खांबांवर आणि काठाने ओतलेल्या राडारोड्यावर. काढायचा तर आधी हा भराव काढा. तो मोजता येतो, जुन्या नकाशांवरून सिद्ध करता येतो, आणि टाकणाऱ्यावर गुन्हाही नोंदवता येतो.

"नालेसफाई नीट केली असती तर..."

तर फरक नक्की पडला असता, मजकूर म्हणतो तेवढा नाही. ६०० मिलिमीटर व्यासाची वाहिनी २०० मीटरला एक मीटर उतारावर सेकंदाला सुमारे ४३० लिटर वाहून नेते. तासाला ६० मिलिमीटर पावसात एवढं पाणी सव्वातीन हेक्टर झाकलेल्या जमिनीवरूनच येतं. तळाशी २०० मिलिमीटर गाळ बसला की क्षमता साठ टक्क्यांवर. सफाईने जास्तीत जास्त ते चाळीस टक्के परत मिळतात. पण तीच वाहिनी घातली तेव्हा वर शेत असेल तर? शंभर हेक्टर मोकळ्या जमिनीवरून त्याच पावसात सेकंदाला पाच घनमीटर पाणी येतं. तिथे इमारती, काँक्रीटचे रस्ते आणि पेव्हर ब्लॉक झाले की तेरा घनमीटर. हा फरक कोणताही जेटिंग मशीनवाला भरून काढू शकत नाही. तो भरायचा तर वाहिनी मोठी करावी लागते, किंवा वरच पाणी थोपवावं लागतं: टेकड्या, तळी, मोकळी मैदानं.

सफाईच्या कामात पाहायचं ते किलोमीटर नव्हे. आधी आणि नंतर तळाची पातळी मोजली का, काढलेला माल किती खेपा आणि कुठे गेला, आणि काठावर ढीग ठेवून पहिल्याच पावसात तो परत आत गेला का, एवढं बघावं. बहुधा शेवटचंच झालेलं असतं.

"जायकाचे पैसे वळवा."

नाही वळवता येत. तो ९९०.२६ कोटींचा प्रकल्प मैलापाणी शुद्धीकरणाचा आहे आणि त्यामागे जपानचं कर्ज आहे. नदीकाठ सुधार योजना वेगळी, तिचा पैसा वेगळा. दोन्हींवर टीका जरूर करा, फक्त एकीचा राग दुसरीच्या फाइलवर नको.

यंदा अर्ज करायचाच असेल तर पत्ते असे. विसर्ग, पूररेषा आणि परिचलन सूची: जलसंपदा विभाग. पंचनामा आणि मदत: तहसीलदार. पावसाळी वाहिन्या, नाले आणि राडारोडा: महापालिका. निळ्या पूररेषेच्या (२५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा) आत दिलेली बांधकाम परवानगी: महापालिकेचाच बांधकाम विभाग, कारण तिथे बांधकामाला बंदी आहे. आणि अर्जाला एक गोष्ट जोडा जी फार कमी लोक जोडतात. पाणी ओसरायच्या आत त्याची सर्वांत वरची खूण पक्क्या भिंतीवर ऑइल पेंटने काढा, शेजारी तारीख-वेळ लिहा, आणि नंतर सर्व्हेअर बोलावून ऑटो लेव्हल या मोजणी यंत्राने तिची समुद्रसपाटीपासूनची उंची काढून घ्या. निळ्या आणि लाल (शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) रेषा नकाशावर मीटरच्या याच भाषेत लिहिलेल्या असतात. "कमरेएवढं पाणी होतं" याला फाइलमध्ये रकाना नाही.