‘जुना टॅब्लेट म्हणजे पैसे पाण्यात’? अजिबात नाही

चित्रकलेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: जुना मोठा ड्रॉइंग टॅब्लेट (कॉम्प्युटरला जोडून पेनने चित्र काढायची पाटी) घेणं म्हणजे पैसे पाण्यात. 8192 प्रेशर लेव्हल (पेनवरचा दाब ओळखायचे टप्पे) नसतील तर व्यावसायिक काम होत नाही, जुन्यांचं रिझोल्यूशन कमी असतं, ते नव्या कॉम्प्युटरवर चालतच नाहीत आणि खरं काम स्क्रीनवाल्यावरच होतं. कळव्याची माझी एक विद्यार्थिनी तो वाचून इतकी घाबरली, की जुन्या टॅब्लेटचा ठरलेला सौदा मोडून हप्त्यांवर नवा टॅब्लेट घ्यायला निघाली. “ताई, जुना घेऊन पस्तावेन ना मी?” तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

आधी प्रेशर लेव्हल, कारण लोक सगळ्यात जास्त भुलतात ते याच आकड्याला. वॅकॉम कंपनीच्या 2009 मधल्या इंट्युओस 4 या बिनस्क्रीनच्या टॅब्लेटला 2048 लेव्हल होत्या, 2017 च्या इंट्युओस प्रोला 8192. आकडा चौपट झाला, पण म्हणून रेघ चौपट देखणी झाली नाही. आपण रोज वापरतो त्या 8 बिटच्या फाइलमध्ये एका चॅनेलला (लाल, हिरवा, निळा यांतल्या एकेकाला) छटा असतात 256. दाबाने रंग गडद-फिका करायचा तर 2048 लेव्हलसुद्धा त्यात पुरून उरतात. ब्रशची जाडी धरा: 40 पिक्सेलच्या ब्रशला 2048 लेव्हल म्हणजे एकेका पिक्सेलमागे पन्नासेक टप्पे. त्याहून बारीक फरक कुणाच्या डोळ्याला दिसणार?

हाताला कळतं ते वेगळंच: किती हलक्या स्पर्शाला रेघ उमटायला लागते. इंट्युओस 4 मध्ये वॅकॉमने तो दाब 1 ग्रॅमवर आणला. केसांच्या बटा किंवा पापण्या काढताना हा फरक लगेच जाणवतो. म्हणून इंट्युओस 3 आणि 4 यांच्यात निवडायचं असेल तर मी डोळे झाकून 4 म्हणेन. पण 4 ला केवळ लेव्हल कमी म्हणून बाद करणं चूक आहे.

रिझोल्यूशनचा, म्हणजे पेनची जागा टॅब्लेट किती बारकाईने टिपतो याचा मुद्दा तर सरळ खोटा आहे. 2004 च्या इंट्युओस 3 ला इंचाला 5080 रेषा होत्या आणि 2017 च्या इंट्युओस प्रोलाही तेवढ्याच.

खरी अडचण मेसेजमध्ये आलेलीच नाही. इंट्युओस 3 चा 9 बाय 12 इंची टॅब्लेट 4:3 प्रमाणातला आहे, आपले मॉनिटर 16:9. पूर्ण टॅब्लेट पूर्ण स्क्रीनला जोडलात तर हाताने काढलेलं वर्तुळ स्क्रीनवर आडवं ताणलेलं दिसतं. प्रमाण राखायची सेटिंग लावलीत तर 9 इंचांतली पावणेसातच इंच उंची हाती उरते. ‘मोठा’ म्हणून मोजलेल्या पैशांतला पाव भाग नुसता पडून!

ड्रायव्हरबद्दल, म्हणजे टॅब्लेट कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. नव्या ड्रायव्हरमधून जुनी मॉडेल्स वगळली जातात, हे मी नाकारत नाही. मॅक वापरणाऱ्यांनी तर फार जपून राहावं. पण ‘चालतच नाहीत’ हे खरं नाही. अनेक मॉडेल्स जुन्या ड्रायव्हरवर चालतात आणि लिनक्समध्ये जुन्या वॅकॉमना चांगला आधार आहे. मागे चिकटवलेला मॉडेल नंबर आधी मागवून घ्या, तुमच्या सिस्टीमवर कुठला ड्रायव्हर चालतो ते बघा, मगच पैशांचं बोला. पेन त्याच टॅब्लेटचं आहे ना, तेही विचारा. इंट्युओस 3 चं पेन 4 वर चालत नाही.

स्क्रीनवाल्यांच्या बाबतीत मात्र मीही नवाच घ्या म्हणते. जुन्यांत काच आणि चित्र यांच्यात फट असते, निब (पेनचं टोक) एकीकडे आणि रेघ जराशी बाजूला दिसते. शिवाय वॅकॉमचाच 2011 चा स्क्रीनवाला सिंटिक 24 एचडी स्टँडसकट 29 किलोंच्या आसपास भरतो. आपल्या वन बीएचकेत तो ठेवणार कुठे? पण बिनस्क्रीनच्या टॅब्लेटमध्ये खराब व्हायला पडदाच नाही आणि वॅकॉमच्या पेनात बॅटरीही नाही. मी स्वतः त्यावरच पोट भरते.

रविवारी ती विद्यार्थिनी आणि मी ठाण्याहून गाडी धरून नेरुळला तो इंट्युओस 4 लार्ज बघायला गेलो. तिच्या विंडोज लॅपटॉपवर ड्रायव्हर आदल्या रात्रीच टाकून ठेवला होता. टॅब्लेटवर पट्टी तिरकी ठेवली आणि तिला पेन पट्टीच्या कडेने अगदी सावकाश ओढायला सांगितलं. बिघडलेल्या टॅब्लेटवर अशी रेघ लाटेसारखी हलते. इथे सरळ आली. निब एका बाजूने छिन्नीसारखी घासली होती, अशी धार पृष्ठभागावर ओरखडे पाडते, म्हणून ती तिथेच चिमट्याने काढून नवी बसवली. मग मी केबल हलवली तर दिवा विझला. तिचा चेहरा पडला. पण या मॉडेलला डावखुऱ्यांचाही विचार करून दोन पोर्ट दिलेत. दुसऱ्यात केबल घट्ट बसली, दिवा लागला तो लागलाच. सैल पोर्टाचे पैसे कमी करून मागितले, विकणाऱ्या काकांनी कुरकुर न करता ते केले आणि परतीच्या गाडीत टॅब्लेट तिच्या मांडीवर होता.