कुत्र्याला ब्रँडी पाजा म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

गड्ड्याची यात्रा, म्हणजे संक्रांतीतली सिद्धेश्वराची जत्रा, तोंडावर आली की सोलापुरात दोन गोष्टी फोनवर फिरायला लागतात. एक नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांच्या, सरावाचे व्हिडिओ, आणि दुसरा तो मेसेज: 'कुत्रा फटाक्यांना घाबरतो? डॉक्टरला पैसे घालवू नका, हे 5 घरगुती उपाय करा.' गणपतीत येतो, दिवाळीत येतो, संक्रांतीला परत येतो. या खेपेला तो बुधवार पेठेतल्या मावशीकडे पोचला आणि तिचा मला फोन: "अरे, ब्रँडी एक चमचा द्यायची का दोन?" तिची पॉमेरियन जेमतेम चार किलोची. त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

पहिला उपाय हाच आहे: 'चमचाभर ब्रँडी किंवा आपल्या झोपेच्या गोळीची अर्धी. रात्रभर हूं की चूं नाही.' हूं की चूं नाही हे खरंच, कारण दारूने कुत्र्याच्या रक्तातली साखर उतरते, अंग गार पडतं, श्वास मंदावतो. आपल्याला चमचाभर म्हणजे काहीच नसेल, चार किलोच्या जिवाला ते फार झालं. आणि गोळीची अर्धी म्हणजे नक्की कुठल्या गोळीची? किती मिलिग्रॅमची? कुत्र्याचा डोस वजनावर, वयावर, यकृतावर ठरतो. कपाटातल्या पाकिटावर ठरत नाही. माणसांच्या झोपेच्या गोळ्यांनी काही कुत्री झोपायच्या ऐवजी उलट खवळतात, तोल जात असताना घरभर धावत सुटतात. एसप्रोमॅझिन हे तर जनावरांचंच जुनं गुंगीचं औषध. पण ते एकटं दिलं तर अंग ढिलं पडतं आणि भीती तशीच राहते. कुत्रा आतून थरथरतोय, फक्त त्याला उठून पळता येत नाही. आपण म्हणतो, बघा कसा शांत झोपलाय.

आता नाइलाजाने एक मान्य करतो: औषध हा उपाय मुळात चुकीचा नाही. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातल्या स्टेफनी रीमर यांनी 1,225 कुत्रेमालकांना विचारून 2020 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांचा फायदा झाला असं सुमारे 70 टक्के लोकांनी सांगितलं. होमिओपॅथी, जडीबुटी, फुलांचे अर्क, वासाचे फवारे यांच्याबाबत हेच सांगणारे तीसेक टक्के, म्हणजे नुसत्या विश्वासानेही वाटेल तेवढेच. हे मालकांनी आपल्या तोंडाने सांगितलेलं आहे, यंत्राने मोजलेलं नाही. तरी मेसेज लिहिणाऱ्याच्या 'आमच्या शेजारच्यांना गुण आला'पेक्षा कितीतरी भक्कम.

दुसरा उपाय: 'भ्यायला तर जवळ घेऊ नका, लाड केले की भीती वाढते.' हा सल्ला शहाणी माणसंही देतात, म्हणून जास्त चीड येते. भीती म्हणजे शेकहँड नव्हे, की बक्षीस दिलं म्हणून कुत्रा मुद्दाम परत करून दाखवील. त्याच अभ्यासात धडाम झालं की लगेच खाऊ द्यायचा किंवा खेळायला लागायचं, या साध्या युक्तीलाही सत्तरच्या आसपासच टक्के मिळाले. फटाका वाजला, चिकनचा तुकडा. परत वाजला, परत तुकडा. मांडीत शिरला तर शिरू द्या.

तिसरा वाचून मी दोनदा नाव तपासलं, विनोदाचा ग्रुप तर नाही ना म्हणून: 'एकदा होम मैदानावर नेऊन दारूकाम दाखवा, भीती कायमची मोडते.' यात्रेतलं शोभेचं दारूकाम, म्हणजे फटाक्यांची आतषबाजी, बघायला तिथे माणसाला माणूस खेटून उभा असतो, पोरं खांद्यावर, आणि आभाळ फुटल्यासारखे आवाज. त्यात भेदरलेला कुत्रा! पट्टा सुटला तर तो किल्ल्याकडे पळाला का तळ्याकडे, हे तुम्हाला त्या गर्दीत कळणारही नाही. सवय लावायची असेल तर आवाजाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक लावून, खाऊ देत, कित्येक आठवडे हळूहळू वाढवत न्यावं लागतं. यात्रेच्या आदल्या दिवशी सुरू करायचं काम नाही ते.

चौथा, कानात कापूस? कुत्रा ठेवू देत असेल तर आवाज थोडा दबतो, ठीक. पण आत खोल कोंबू नका, आणि मेसेजात म्हटलंय तसं गरम तेल तर अजिबात नको. गच्चीवर साखळीने बांधणं हा पाचवा उपाय. त्यावर एवढंच, की घाबरलेला कुत्रा कठड्यावरून उडी मारतो आणि साखळी गळ्यातच असते.

मावशीला सांगितलं ते असं. दिवस मावळायच्या आत कुत्रीला फिरवून आण. रात्री आतल्या खोलीत, खिडकी बंद, पंखा आणि टीव्ही चालू, टेबलावरून एक चादर सोडून खाली तिची गादी. पट्ट्यावर फोन नंबर. बेदाणे घातलेला शिरा द्यायचा नाही, बेदाण्याने किडनी जाऊ शकते. शेंगाचटणी-भाकरीही नाही, चटणीत लसूण असतो. आणि गोळी हवीच असेल तर जनावरांच्या डॉक्टरला आजच फोन कर, कारण तिचा डोस आधी एखाद्या शांत दिवशी देऊन बघावा लागतो. किंक्रांतीच्या संध्याकाळी दवाखान्यात धावून ते जमत नाही.